वय झाल्यावर हाय-फायचं काय करावं? एका दुरुस्तीवाल्याचं उत्तर

प्रश्न विचारणारे गृहस्थ चौऱ्याहत्तर वर्षांचे, पुण्यात सहकारनगरला राहतात, निवृत्त इंजिनिअर आहेत. १९७९ साली कंपनीने दीड वर्ष इंग्लंडला पाठवलं, तेव्हा पोटाला चिमटा घेऊन त्यांनी हाय-फाय, म्हणजे चोख आवाजाची सिस्टिम जमवली: रेकॉर्ड फिरवणारं थोरेन्स टीडी १६० टर्नटेबल, आवाज कमी-जास्त करणारा क्वाड ३३ प्रीअँप, स्पीकरला ताकद देणारा ३०३ पॉवर अँप आणि स्पेंडॉर बीसी १ स्पीकर. जोडीला बाराशे एलपी आणि एका ट्रंकेत स्पूल, म्हणजे चक्रीवरच्या टेप, नि कॅसेटी. आता सोसायटी पुनर्विकासाला गेली आहे. दिवाळीनंतर घर रिकामं करायचं, मग तीन वर्षं भाड्याच्या लहान फ्लॅटमध्ये. मुलगा न्यू जर्सीला असतो, तो म्हणतो, ‘बाबा, मी नेईन.’ मुलगी बाणेरला असते, ती काहीच म्हणत नाही. आणि सौ. म्हणतात, ‘एकदाचं काय ते ठरवा.’ तर विकावी, मुलाला द्यावी की एखाद्या संस्थेला, असं ते विचारतात.

मी १९८४ साली बुधवार पेठेत एका रेडिओच्या दुकानात हाताखाली लागलो. तेव्हापासून हीच यंत्रं उघडतोय. अशा सिस्टिमचे मालक म्हातारे होताना पाहिलेत आणि ते गेल्यावर त्यांच्या घरीही गेलोय. म्हणून आधीच सांगतो, तुमच्या तिन्ही पर्यायांच्या आधी एक प्रश्न येतो. तुम्ही घरात नसाल त्या दिवशी ही सिस्टिम दुसऱ्या कुणाला चालू करता येईल का?

एरंडवण्यातल्या एका घरची गोष्ट. काका जाऊन पाच महिने झाले होते. मुलगा बंगळुरूहून आला, त्याने जपानी रिसीव्हर, म्हणजे रेडिओसकट अँप, लावून पाहिला. दिवे लागले, आवाज नाही. यंत्र मेलं असं ठरलं. स्पीकर कुणीतरी मागितले म्हणून देऊनही टाकले, आणि बाकीचं भंगारात घालायच्या आधी काकूंनी मला सहज फोन केला. मी हेडफोन लावला, पुढच्या पट्टीवर बोट फिरवलं. टेप मॉनिटरचं बटण दाबलेलं होतं. ते दाबलेलं असलं की अँप टेपरेकॉर्डरकडून आवाजाची वाट बघत बसतो, आणि टेपरेकॉर्डर तर केव्हाच विकलेला. बटण वर केलं, लख्ख आवाज. काकू खुर्चीत टेकल्या आणि म्हणाल्या, ‘मला वाटलं, हेही गेलं.’ काकांना ते बटण डोळे मिटून सापडायचं, त्यामुळे ते कुणाला सांगावं असं त्यांना कधी वाटलंच नसणार.

तुमच्या घरीही अशी दहा-बारा बटणं असणार. कुठली वायर हलवली की हमिंग येतं, कुठला नॉब थोडा मागे-पुढे फिरवला की खरखर जाते, टर्नटेबलचं झाकण लावून वाजवायचं की काढून. सिस्टिम कुणाला द्यायची हे पुढचं. आधी हे डोक्यातलं कागदावर यायला हवं. ते कसं, ते खाली सांगतो.

त्याआधी तुमच्याबद्दल. तुमच्या प्रश्नात तुम्ही स्वतःला जवळजवळ वगळलंच आहे. चौऱ्याहत्तर म्हणजे अजून दहा वर्षं ऐकायची आहेत असं धरूनच चालायचं. तीन वर्षांसाठी लहान घरात जातोय म्हणून सिस्टिम खोक्यात भरून भाच्याच्या गॅरेजमध्ये ठेवायची, हा विचार मनात असेल तर काढून टाका. वापरून यंत्रं झिजतात, पण बंद ठेवून लवकर मरतात. अँपमधले मोठे कपॅसिटर, ज्यांना आम्ही जुनी माणसं कंडेन्सर म्हणतो, त्यांच्या आत धातूच्या पत्र्यावर ऑक्साइडचा अतिपातळ थर असतो. वीज मिळत राहिली तर तो शाबूत राहतो. वर्षानुवर्षं बंद राहिला की कमजोर होतो, आणि मग कुणीतरी हौसेने थेट प्लग लावतो नि धूर निघतो. बंद पडून राहिलेलं यंत्र आम्ही आधी सिरीज बल्बवर लावतो, म्हणजे वीज आधी बल्बमधून आणि मग यंत्रात जाते. बल्ब लख्ख पेटून मंदावला तर ठीक, पेटलेलाच राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. ही साधी युक्ती घरच्यांना ठाऊक नसते.

त्यात पुण्याचा पावसाळा. चार महिने बंद खोलीत ठेवलेल्या रेकॉर्डच्या कव्हरवर बुरशीचे पांढरे ठिपके येतात, आणि तबकडीवर आली तर सुईला ती वाळूसारखी लागते. म्हणून सिस्टिम तुमच्याबरोबरच न्या. स्पीकर भिंतीला चिकटले तरी चालतील, आवाज थोडा घुमेल, तीन वर्षं घुमू दे. रेकॉर्डचं मात्र आधी वजन करा. कव्हरसकट एक एलपी साधारण पाव किलोची धरली तर बाराशेचे तीन क्विंटल होतात. भाड्याच्या फ्लॅटमधल्या प्लायवूडच्या कपाटात वरच्या कप्प्यात ती रचलीत तर कप्पा झोळीसारखा लोंबेल. खालच्या कप्प्यात, उभ्या, एकमेकींना टेकून पण दाबून नाही. आडव्या थप्पीत कधीच नाही, खालच्या वाकतात.

आणि जागा बदलताय तर उंचीही बदला. टर्नटेबल आता कमरेच्या वर, वाकावं लागणार नाही अशा उंचीवर घ्या, वरून एक दिवा सोडा. हात थोडा कापायला लागला असेल तर सुईचा आर्म बोटाने उतरवायचा हट्ट सोडून तरफ, म्हणजे आर्म अलगद वर-खाली करणारी छोटी दांडी, वापरा. बरेच जुने शौकीन तरफ वापरणं कमीपणाचं मानतात आणि मग वर्षातून दोनदा सुया बदलायला माझ्याकडे येतात. मला त्यात फायदा आहे, तुम्हाला नाही.

कानांचंही बोलायला हवं. लहान मुलाला २० हजार हर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांपर्यंत, ऐकू येतं, आपल्या वयाला आठ-दहा हजारांच्या वरचं जवळजवळ पुसलं जातं. तंबोऱ्याच्या जवारीची वरची चमक तिथे असते, त्यामुळे आधी जवारी बोथट वाटायला लागते आणि माणूस म्हणतो, ‘स्पीकर गेले.’ दर वर्षी निदान दोघं तरी मला चांगले ट्वीटर, म्हणजे बारीक आवाजाचे छोटे स्पीकर, बदलायला सांगतात. मी त्यांना म्हणतो, नातीला बोलवा, तिला ऐकवा, ती काय म्हणते बघू. तुमच्या क्वाड ३३ वर ट्रेबलचा, म्हणजे बारीक आवाज वाढवायचा, नॉब आहे, तो खुशाल वर करा. टोन कंट्रोलला हात लावणं म्हणजे पाप, ही तरुणपणातली सोवळी आता गुंडाळून ठेवा. श्रवणयंत्र लावत असाल तर ऑडिओलॉजिस्टला संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम करून मागा. ती यंत्रं मुळात बोलणं समजावं म्हणून बनवलेली असतात. यंत्रातूनच निघणारी शिट्टी दाबून टाकायची सोय त्यांच्यात असते, आणि एखाद्याने षड्ज लांबवला की तीच शिट्टी समजून यंत्र तो छाटायला बघतं.

आता दुरुस्ती. कुणालाही द्यायची असो, दिवाळीच्या आत एकदा पूर्ण तपासणी करून घ्या. तुमच्या ३०३ बद्दल एक खास गोष्ट आहे. त्यात आवाज स्पीकरपर्यंत एका मोठ्या कपॅसिटरमधून जातो. अँप बिघडला तरी थेट डीसी करंट स्पीकरमध्ये घुसून ते जळायची भीती त्यामुळे कमी असते. पण तोच कपॅसिटर पंचेचाळीस वर्षांनी वाळला की खर्ज पातळ होतो, तोही इतका हळूहळू की रोज ऐकणाऱ्याला कळत नाही. बदलल्यावर लोक म्हणतात, नवा तबला आणला का. टर्नटेबलचा बेल्ट सैल झाला असेल तर तो बदला, बेअरिंगचं तेल बदला. कार्ट्रिज, म्हणजे सुई बसते तो आर्मच्या टोकाचा भाग, वीस वर्षांचं असेल तर सुई कमी वाजलेली असली तरी आतलं रबर कडक झालेलं असतं, ते ठेवू नका. स्पीकरच्या पडद्याभोवतीच्या कडा तुमच्या मॉडेलमध्ये फोमच्या नाहीत हे नशीब. फोमच्या असत्या तर आत्तापर्यंत हात लावल्यावर पापडासारख्या तुटल्या असत्या.

खर्च करावा का, हे मात्र परिस्थितीवर आहे. तुम्ही स्वतः ऐकणार असाल तर डोळे मिटून करा. फक्त विकायचं म्हणून करणार असाल तर अँपवर करा, कार्ट्रिजवर नको, घेणारा आपल्या आवडीचं बसवतो. आणि काहीही केलं तरी जुने काढलेले पार्ट पिशवीत घालून चिठ्ठी लावून ठेवा.

आता मुलाकडे येतो. ‘बाबा, मी नेईन’ हे वाक्य मी खूप वेळा ऐकलं आहे आणि त्यात प्रेम असतं यात शंका नाही. पण तुम्ही इंजिनिअर आहात, म्हणून एक हिशेब मांडतो. आपल्याकडे वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. अमेरिकेत १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. व्होल्टेजचं काम ट्रान्सफॉर्मरने भागतं, अँप त्यावर सुखात चालतो. पण ट्रान्सफॉर्मर फ्रिक्वेन्सी बदलत नाही. तुमच्या थोरेन्सची मोटर सिंक्रोनस आहे, ती विजेच्या फ्रिक्वेन्सीच्या तालावर फिरते. ५० च्या जागी ६० आले की ती एक पंचमांश जास्त वेगाने फिरणार, म्हणजे ३३⅓ फेऱ्यांच्या जागी बरोबर ४०. वेग सहापंचमांश झाला की स्वरही तेवढाच चढतो, आणि सहास पाच हे गुणोत्तर म्हणजे नेमका कोमल गंधार. तुमच्या आवडत्या गायकाचा षड्ज न्यू जर्सीत कोमल गंधारावर जाऊन बसेल आणि विलंबित मध्य लयीकडे सरकेल.

यावर उपाय आहे, आणि स्वस्त आहे. मोटरच्या टोकावरची छोटी पुली ६० हर्ट्झची मिळते, ती बदलायची. पण हे मुलाला आधी ठाऊक हवं. एकांनी नाशिकहून टेक्सासला असंच टर्नटेबल पाठवलं होतं. तिकडे लावल्यावर सगळे गायक चिरक्या आवाजात धावायला लागले. मुलाला वाटलं वाटेत बिघडलं, त्याने ते बेसमेंटमध्ये ठेवलं. दोन वर्षांनी सुट्टीवर आला तेव्हा बोलता बोलता मला हे कळलं.

म्हणून मुलाला ‘नेशील का’ असं विचारू नका, त्याला हो म्हणावंच लागतं. ‘शेवटची रेकॉर्ड कधी ऐकलीस’ हे विचारा. डिसेंबरात आला की त्याला शेजारी बसवा, बेल्ट त्याच्याच हाताने काढायला-घालायला लावा, सुईचा भार त्याला लावू द्या. तासाभरात त्यालाही कळेल आणि तुम्हालाही. तो फोन बघायला लागला तर रागावू नका. उलट बरं झालं, उत्तर मिळालं, आणि कुणाचं मनही दुखावलं नाही.

मुलगी काही म्हणत नाही, असं तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. मी तिथे थांबलो. चाळीस वर्षांत लोक मला मुलाची नावं सांगतात, फार तर जावयाची. मुलीला द्यायचं म्हणजे जावयाला कनेक्शन समजावून सांगायचं, ही आपल्याकडची रीत. पण घरात रेकॉर्ड पुसायला, कव्हरात घालायला, बाजू उलटायला लहानपणी बहुतेक मुलीच बसलेल्या असतात. कर्वेनगरच्या एका बाई वडिलांचं टर्नटेबल घेऊन आल्या. वडिलांनी ते भाच्याला दिलं होतं, त्याने परत केलं होतं. मी सुई लावायला गेलो तर म्हणाल्या, ‘थांबा, आधी ब्रश. बाबा नेहमी पाच फेऱ्या ब्रश धरायचे.’ त्यांना वडिलांनी कधी विचारलंच नव्हतं, कारण त्यांचं घर लहान. तुम्ही मुलीला जागेचं न बोलता विचारा: तुला हवी आहे का? जागेचं नंतर बघता येतं, मोठे स्पीकर विकून लहान घेता येतात. हवी असणं विकत घेता येत नाही.

संस्थेबद्दल माझं मत जरा कडू आहे. सिस्टिम संस्थेला देऊ नका. देताना छायाचित्र निघतं, शाल मिळते. मग कार्यकारिणी बदलते, सुई तुटते, सुईला पैसे कुठल्या खात्यातून टाकायचे हे ठरत नाही, आणि यंत्र कपाटात जातं. एका सभागृहाच्या जिन्याखाली असं एक उत्तम इंग्लिश टर्नटेबल मी कुंड्यांच्या शेजारी पाहिलं आहे. रेकॉर्डचं थोडं वेगळं आहे. पण बाराशेपैकी हजारभर एलपी त्या काळी घरोघरी असलेल्या असणार, आणि संस्थांकडे त्या आधीच असतात. तिथे आधी यादी पाठवायची, टेम्पो नाही. मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स आहे, तिथल्या जाणकारांना यादी दाखवली तर कुठल्या दहा तबकड्या जपण्यासारख्या आहेत ते कळू शकतं. पुण्यात विद्यापीठातलं ललित कला केंद्र आहे, चित्रपटाशी संबंधित काही दुर्मीळ असेल तर लॉ कॉलेज रोडला चित्रपट संग्रहालय आहे. विचारून बघा. नको म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका.

खरा ऐवज बहुधा तुमच्या ट्रंकेत आहे. तुम्ही प्रश्नात त्याला अर्धं वाक्य दिलंत. एलपी छापील आहे, तिची दुसरी प्रत जगात कुठेतरी आहेच. पण कुणाच्या वाड्यातल्या बैठकीत, गच्चीवर, लग्नाच्या आदल्या रात्री तुम्ही माइक लावून घेतलेलं गाणं फक्त तुमच्याकडे आहे. आणि टेप ही एलपीपेक्षा लवकर मरते. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या काही स्पूलवरचा लेप चिकट होतो, वाजवायला घेतली की ती हेडला चिकटून किंचाळते आणि लेप हेडवर सोलून निघतो. तशी किंचाळी आली तर लगेच थांबवा. पुन्हा पुन्हा प्रयत्न केलात तर जे आहे तेही जाईल. जाणकार तिला मंद उष्णता देऊन काही दिवसांपुरती वाजवण्याजोगी करतात. कॅसेटीत टेपला हेडवर दाबणारी छोटी गादी असते, तिचा गोंद सुटतो, मग आवाज लहान-मोठा होतो. ते दोन मिनिटांचं काम आहे, कॅसेट फेकू नका.

तेव्हा कॉम्प्युटरवर आधी ट्रंक उतरवा. बाराशे एलपी उतरवायच्या भानगडीत पडू नका. एका एलपीला चाळीस मिनिटं धरली तरी आठशे तास होतात, रोज दोन तास बसलात तर वर्षाहून जास्त. त्यातल्या बऱ्याचशा आज फोनवर एका बोटाने ऐकता येतात. ज्या कुठेच मिळत नाहीत तेवढ्याच घ्या, रेकॉर्डिंगचा दर्जा २४ बिट ९६ किलोहर्ट्झ ठेवा, आणि प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला तुमच्या आवाजात बोला: कोण गातंय, तबल्याला कोण, कुठलं घर, कुठलं साल, कोण कोण बसलं होतं. फाइलीचं नाव उद्या कुणी बदलेल, तुमचा आवाज बदलणार नाही. खासगी बैठकीतलं गाणं इंटरनेटवर चढवण्याआधी मात्र त्या कलाकाराच्या घरच्यांना विचारा.

विकायचं ठरलं तर. तुमच्या मनात सिस्टिमच्या तीन किमती असतात. एक १९७९ साली मोजलेली, दुसरी परदेशी साइटवर कुणीतरी मागितलेली, आणि तिसरी पुण्यातला माणूस तुमच्या दिवाणखान्यात उभं राहून रोख देईल ती. पहिल्या दोन विसरा. तिसरी वाढवायचा एकच मार्ग मला ठाऊक आहे: सिस्टिम घरी जोडलेली, चालू असताना दाखवा. चालू सिस्टिमच्या समोर गिऱ्हाईक बसतं, चहा घेतं, एक बाजू पूर्ण ऐकतं. खोक्यातल्या सिस्टिमला ते भंगाराच्या हिशेबाने विचारतं. मूळ खोका, पुस्तिका, बिल, मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या लहान रेकॉर्डसाठीची मधली चकती, जे असेल ते एकत्र ठेवा. पुसा, पण पॉलिश करू नका. लाकडाला नवा चकाकता हात दिलेला बघितला की जाणकार दोन पावलं मागे सरतो.

रेकॉर्ड घ्यायला येणाऱ्यांत सज्जन खूप आहेत. तरी घेणारा पहिली दहा मिनिटं कुठे हात घालतो ते बघत बसा. ‘सगळ्या एकगठ्ठा घेतो काका’ म्हणणाऱ्याची नजर पाच-सहा तबकड्यांवर असते, बाकीच्या बुधवारी नाहीतर रविवारी जुन्या बाजारात जमिनीवर दिसतात. त्यात चूक काही नाही, तोही त्याचा धंदा आहे. फक्त त्या पाच-सहा कुठल्या हे त्याच्याआधी तुम्हाला ठाऊक असावं. आणि जे खरंच मेलेलं आहे, फुटलेले कॅसेट डेक, जळके स्टॅबिलायझर, ते ई-कचऱ्यात द्या. मुलांसाठी ठेवू नका. ‘बाबांनी ठेवलं होतं म्हणजे महत्त्वाचं असेल’ असं म्हणत मुलं ते वीस वर्षं सांभाळतात.

आता वही. शंभर पानी साधी वही पुरे. पहिल्या पानावर सिस्टिम चालू करायचा क्रम, अगदी सौ. ना वाचून करता येईल असा. आधी काय, मग काय, बटणं कुठल्या जागी हवीत, आवाज आला नाही तर पहिल्यांदा काय बघायचं. मग मागच्या वायरींचा फोटो, प्रत्येक वायरला चिठ्ठी. मग रेकॉर्डवर सुईचा भार किती ग्रॅम, कार्ट्रिजचं नाव, बेल्ट कधी बदलला, कुणी दुरुस्त केलं. मग तुमच्या लेखी कशाला किंमत आहे आणि कशाला नाही. लिहून झालं की खरी परीक्षा घ्या: तुम्ही गॅलरीत जाऊन बसा, सौ. ना वही घेऊन एक रेकॉर्ड लावायला सांगा. आतून हाक आली तरी उठायचं नाही. जिथे अडलं तिथे वहीत दुरुस्ती. माझ्या एका गिऱ्हाइकाला तीन वेळा लिहावं लागलं, कारण तो ‘नेहमीप्रमाणे प्रीअँप लावा’ असं लिहून बसला होता.

शेवटच्या पानावर एक वाक्य तुमच्या सहीने: ‘हे विकलंत, दिलंत किंवा मोडलंत तरी माझी हरकत नाही.’ हसू नका. अशी सिस्टिम ठेवून बसलेल्या कितीतरी मुलांना ती नको असते. फक्त बाबांना काय वाटलं असतं या धाकाने ती धूळ खात असते.

कायद्याचं थोडक्यात. जंगम वस्तू हयातीत हाताने दिली की ते दानच झालं, त्याला रजिस्टर्ड कागद लागतोच असं नाही. म्हणून शक्य असेल ते जिवंतपणीच हाती द्या. कागद लागत नसला तरी वहीत तारीख घालून नोंद ठेवा. मृत्युपत्रात लिहायचं असेल तर दोन साक्षीदार हवेत, आणि ज्यांना काही मिळणार आहे ते साक्षीदार नसलेले बरे. आणि त्यात ‘म्युझिक सिस्टिम’ असं मोघम लिहू नका, मॉडेलची नावं लिहा. नाहीतर वारसाला टीव्हीखालचा ब्लूटूथ डबा मिळायचा.

तुमच्या जागी मी असतो तर असं केलं असतं: गणपतीच्या आत ट्रंक उघडून स्पूल जाणकाराला दाखवल्या असत्या, नवरात्रात अँप दुरुस्तीला दिला असता, दसऱ्याला मुलीला घरी जेवायला बोलावून विचारलं असतं, आणि यादी करताना चारशे रेकॉर्ड बाजूला काढून बाकीच्या जाऊ दिल्या असत्या. चारशे हा आकडा माझा, तुमचा वेगळा असेल. रोज एक ऐकली तरी वर्षाहून जास्त पुरतात.

सामान हलवायच्या दिवशी टर्नटेबल पॅकर्सच्या हाती देऊ नका. आर्म त्याच्या टेकूला मऊ दोरीने बांधा, मागचं वजन काढून वेगळ्या पिशवीत ठेवा, वाहतुकीचे स्क्रू कसून घ्या. बाहेरची थाळी उचला, बेल्ट काढा, मग आतली थाळी सरळ वर ओढा. तिच्या दांड्याला तेल असेल, ते कपड्यांना लागू देऊ नका. थाळ्या वेगळ्या गुंडाळा, आत ठेवून नेल्या तर पहिल्याच गतिरोधकाला बेअरिंग मार खातं. उरलेला सांगाडा रिक्षात मांडीवर घेऊन जा. आणि बेल्टची नि वजनाची पिशवी खिशात ठेवा, घर हलवताना तीच हरवते.